पगार घेत पदवी, काम औषधचाचण्यांचं: इंग्लंडमधल्या डिग्री अप्रेंटिसशिपची वाट

इंग्लंडमध्ये क्लिनिकल ट्रायल्सच्या, म्हणजे औषधचाचण्यांच्या, क्षेत्रात शिरायचा ओळखीचा रस्ता असा: बायोमेडिकल सायन्स, फार्माकॉलॉजी किंवा तत्सम विषयात पदवी घ्यायची, वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत फी भरायची (हा २०२५-२६ चा कमाल दर), तीन वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं आणि मग सीटीएच्या, म्हणजे क्लिनिकल ट्रायल असिस्टंटच्या, जागेसाठी अर्ज करत बसायचं. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘अनुभव किती?’

डिग्री अप्रेंटिसशिप हा दुसरा रस्ता. इंग्लंडमध्ये ही सोय २०१५ पासून आहे. कंपनी किंवा हॉस्पिटल तुम्हाला पहिल्या दिवसापासून नोकरीवर घेतं आणि पगार देतं. आठवड्यातला साधारण एक दिवस विद्यापीठाच्या शिक्षणासाठी मिळतो आणि शेवटी पूर्ण बॅचलर पदवी हातात पडते. विद्यापीठाची फी नोकरी देणारी संस्था आणि सरकार यांच्यात भागते. ज्यांचं वार्षिक पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, अशा मोठ्या कंपन्या २०१७ पासून त्यासाठी ०.५ टक्के वेगळा कर भरतात. शिकणाऱ्याने एक पेनीही भरायची नसते. त्यामुळे कुणी ‘नोंदणी फी’ किंवा ‘जागा राखून ठेवायचे’ पैसे मागितले, तर ती जाहिरात बनावट समजा.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ही आधी नोकरी आहे आणि नंतर शिक्षण. प्रवेश विद्यापीठ देत नाही, नोकरी देणारा देतो. ‘मला विज्ञानाची खूप आवड आहे’ या थाटाचा अर्ज इथे चालत नाही, कारण समोरचा माणूस पुढची तीन-चार वर्षं आपल्या टीममध्ये कोण बसणार हे ठरवत असतो.

आधी पात्रता तपासा

मराठी घरांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अर्ज, मुलाखत सगळं पार पडतं आणि कागदपत्रं तपासताना गाडी अडते.

सरकारी निधीसाठी मुख्य अट अशी: अप्रेंटिसशिप सुरू होण्याच्या दिवसापर्यंत सलग तीन वर्षं तुमचं नेहमीचं वास्तव्य ब्रिटनमध्ये असायला हवं, आणि ते मुख्यतः शिक्षणासाठी आल्यामुळे झालेलं नसावं. शिवाय काम करण्याचा हक्क हवा आणि कामाचे निदान निम्मे तास इंग्लंडमध्ये भरले पाहिजेत. स्कॉटलंड आणि वेल्सच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांचे नियम इथे लागू होत नाहीत.

उदाहरणाने पाहू. एखादं कुटुंब आयटीच्या नोकरीमुळे ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याहून रेडिंगला आलं. मुलगी आश्रित म्हणून डिपेंडंट व्हिसावर आहे. सप्टेंबर २०२६ ला सुरू होणाऱ्या जागेसाठी तिची तीन वर्षं भरत नाहीत, सप्टेंबर २०२७ साठी भरतात. मधल्या सुट्ट्यांत आजी-आजोबांकडे महिनाभर गेल्याने वास्तव्य तुटत नाही. उलट, ब्रिटिश पासपोर्ट असलेला मुलगा शाळा पुण्यात किंवा दुबईत शिकून नुकताच परत आला असेल, तर बहुधा तोही अडकतो. नुसता पासपोर्ट पुरत नाही, वास्तव्य लागतं.

डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांसाठी आणखी एक गाठ आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. व्हिसा वाढवताना सोळा वर्षांवरच्या मुलाने आईवडिलांबरोबर राहणं (पूर्णवेळ शिक्षणासाठी बाहेर असेल तर गोष्ट वेगळी) आणि आर्थिकदृष्ट्या त्यांच्यावर अवलंबून असणं अपेक्षित असतं. स्वतःचा पगार आणि दुसऱ्या गावी भाड्याची खोली, यावरून तिथे प्रश्न येऊ शकतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला असेल तर हा मुद्दाच उरत नाही. नसेल तर नोकरीला हो म्हणण्याआधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला तासाभराची फी द्या आणि विचारा. व्हिसाची मुदत अभ्यासक्रमाच्या आधी संपत असेल तर विद्यापीठही प्रश्न विचारतं.

स्टुडंट व्हिसावर अप्रेंटिसशिप करता येत नाही. महाराष्ट्रातून थेट यासाठी येण्याचा मार्ग नाही. तसं आश्वासन देणाऱ्या एजंटपासून चार हात लांब राहा.

शैक्षणिक बाजू त्यामानाने सोपी आहे. जीसीएसईला (इथली दहावीच्या तोडीची परीक्षा) इंग्रजी आणि गणितात ग्रेड ४ किंवा वर, आणि ए-लेव्हलला (बारावीच्या तोडीची) बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र. कुठे बीटेक (BTEC, भारतातली बी.टेक. नव्हे), म्हणजे अप्लाइड सायन्सचा व्यवसायाभिमुख डिप्लोमाही चालतो. नेमके ग्रेड प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. दहावी महाराष्ट्र बोर्डातून झाली असेल तर यूके एनिक या संस्थेकडून समकक्षतेचा दाखला आधीच काढून ठेवा. ऑफर आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

हे काम नेमकं काय असतं

पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक, नवीन रेणू यांपैकी काहीही रोज दिसणार नाही. ट्रायलचं बहुतेक काम कागदाचं, तारखांचं, फोनचं आणि पाठपुराव्याचं असतं. ते ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने प्रयोगशाळेचा रस्ता धरावा, त्यात कमीपणा काही नाही.

रक्तदाबाच्या एका गोळीची चाचणी घ्या. रुग्णाला पहिल्या भेटीत ३० गोळ्या दिल्या, रोज एक घ्यायची. २८ दिवसांनी तो परत आला आणि डबीत ४ गोळ्या उरल्या. उरायला हव्या होत्या २. म्हणजे दोन दिवस गोळी चुकली, २८ पैकी २६ घेतल्या, पालन सुमारे ९३ टक्के. हे एवढंसं गणित करायला कितीजण लागतात पाहा. हॉस्पिटलमधला स्टडी कोऑर्डिनेटर गोळ्या मोजतो, रुग्णाला विचारतो आणि मूळ नोंद करतो. तीच माहिती तो संगणकावरच्या केस रिपोर्ट फॉर्ममध्ये भरतो. डेटा मॅनेजरला आकडे जुळत नाहीत असं दिसलं तर तो क्वेरी टाकतो. सीआरए, म्हणजे कंपनीच्या वतीने देखरेख करणारा मॉनिटर, मूळ नोंद आणि फॉर्म पडताळून पाहतो. हे सगळं झाल्याचा कागदोपत्री पुरावा ट्रायल मास्टर फाइलमध्ये नीट बसलाय की नाही, हे सीटीए बघतो. अप्रेंटिसची सुरुवात बहुधा याच शेवटच्या खुर्चीवर होते, आणि तिथून साखळीतल्या इतर विभागांत काही महिन्यांसाठी फिरवलं जातं.

आता तोच रुग्ण जिन्यावरून पडला, हात मोडला आणि एक रात्र हॉस्पिटलात राहिला. गोळीचा याच्याशी काही संबंध नाही, असं कुणीही म्हणेल. तरीही ही गंभीर प्रतिकूल घटना, म्हणजे एसएई, ठरते, कारण रुग्णाला भरती व्हावं लागलं. ती कळताक्षणी, साधारण २४ तासांच्या आत, स्पॉन्सर कंपनीकडे, म्हणजे चाचणीची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीकडे, गेली पाहिजे. संबंध आहे की नाही हे ठरवायचं काम डॉक्टरचं. नवखा माणूस ‘औषधामुळे झालं नाही’ असं मनात ठरवून ती बाजूला ठेवतो, आणि या क्षेत्रातली ही सगळ्यात महागडी चूक आहे. औषधाशी संबंध असल्याचा संशय असलेली, गंभीर आणि अनपेक्षित प्रतिक्रिया जीवघेणी असेल तर नियामकाला ७ दिवसांत, इतर असेल तर १५ दिवसांत कळवावी लागते. घड्याळ कंपनीला माहिती मिळाल्यापासून चालू होतं.

नियामक म्हणजे एमएचआरए, ब्रिटनची औषध नियामक संस्था. नीतिमत्तेची परवानगी हेल्थ रिसर्च ऑथॉरिटीच्या समित्या देतात. जानेवारी २०२२ पासून औषधचाचण्यांसाठी दोन्हीकडचा अर्ज एकत्रच होतो. ब्रिटनचे चाचण्यांचे मूळ नियम २००४ चे. त्यांतल्या मोठ्या दुरुस्त्या २८ एप्रिल २०२६ पासून लागू. आणि जगभर ज्या चौकटीत हे काम चालतं, त्या गुड क्लिनिकल प्रॅक्टिसची, बोलीत जीसीपीची, नवी आवृत्ती ई६ (आर३) जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. मुलाखतीआधी किमान ही नावं आणि त्यांचं काम एका वाक्यात सांगता यायला हवं. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत अजून आधीची आवृत्ती आर२ शिकवतात, तेवढं सांभाळा.

कोणती अप्रेंटिसशिप शोधायची

इंग्लंडमध्ये प्रत्येक अप्रेंटिसशिपचं एक ठरलेलं ‘स्टँडर्ड’ असतं: काय माहीत हवं, काय करता यायला हवं, वागणूक कशी हवी. त्यांची यादी आता स्किल्स इंग्लंडकडे आहे. आपल्या विषयाचं थेट स्टँडर्ड म्हणजे ‘क्लिनिकल ट्रायल्स स्पेशालिस्ट (डिग्री)’, लेव्हल ६, म्हणजे बॅचलर पदवीच्या बरोबरीचं. अर्ज करण्यापूर्वी हे पान पूर्ण वाचा. मुलाखतीतले प्रश्न थेट त्यातूनच निघतात, आणि वाचून आलेला उमेदवार दोन मिनिटांत ओळखू येतो.

अडचण अशी की हे स्टँडर्ड चालवणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. फक्त याच नावाने शोधलं तर वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या जागा दिसतील आणि निराशा होईल. म्हणून जाळं थोडं मोठं टाका. लॅबोरेटरी सायंटिस्ट (लेव्हल ६) मधून नमुन्यांच्या तपासणीची बाजू मिळते. डेटा सायंटिस्ट (लेव्हल ६) औषध कंपनीत केली तर सांख्यिकी आणि डेटा मॅनेजमेंटकडे जाता येतं. गणित आवडणाऱ्यांसाठी हा रस्ता आमच्या मते सगळ्यात कमी वापरलेला आणि सगळ्यात भक्कम आहे. नर्स डिग्री अप्रेंटिसशिप करून पुढे रिसर्च नर्स होता येतं. ट्रायलच्या रोजच्या कामात रिसर्च नर्सच्या शब्दाला फार वजन असतं.

पदवीच्या खालच्या लेव्हललाही हसू नका. लेव्हल ३ ची लॅब टेक्निशियन अप्रेंटिसशिप करून त्याच कंपनीत लेव्हल ६ ला गेलेलं चालतं. घरात ‘पदवी नाही म्हणजे काहीच नाही’ असा सूर असतो, पण एकदा आत शिरलेल्या माणसाला अंतर्गत जागा आधी कळतात.

कुठे आणि केव्हा शोधायचं

सरकारी संकेतस्थळावरची ‘फाइंड अ‍ॅन अप्रेंटिसशिप’ सेवा, यूकॅसचा (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) अप्रेंटिसशिप विभाग आणि कंपन्यांची स्वतःची करिअर पानं, या तिन्ही ठिकाणी सूचना लावून ठेवा. शोधताना ‘क्लिनिकल ट्रायल’ बरोबर ‘क्लिनिकल ऑपरेशन्स’, ‘क्लिनिकल रिसर्च’, ‘स्टडी डिलिव्हरी’, ‘लाइफ सायन्सेस’ हेही शब्द टाका. जाहिरातीच्या मथळ्यात ट्रायल हा शब्द पुष्कळदा नसतोच.

भूगोल लक्षात घ्या. औषध कंपन्यांपैकी ॲस्ट्राझेनेकाचं मुख्यालय केंब्रिजला, जीएसकेचं संशोधन केंद्र स्टीव्हनेजला, रोशचं ब्रिटिश कार्यालय वेल्विन गार्डन सिटीला, आणि कंपन्यांसाठी चाचण्या चालवून देणारी आयक्यूव्हिया रेडिंगला. म्हणजे लंडनच्या उत्तरेचा पट्टा आणि पश्चिमेकडचं थेम्स खोरं. स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा गावांत घर असेल तर यातलं काही ना काही रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात येतं. हे लहान गोष्टीसारखं वाटतं, पण घरून येजा करता आली तर अप्रेंटिसचा पगार पुरतो, केंब्रिजमध्ये खोली घेऊन राहायचं म्हटलं तर ओढाताण होते. या कंपन्यांत दरवर्षी याच स्टँडर्डची जागा निघेलच असं धरून मात्र चालू नका.

वेळापत्रक साधारण असं: इयर १२ च्या (शाळेचं शेवटून दुसरं वर्ष) उन्हाळ्यात वाचन आणि थोडा अनुभव. इयर १३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती. जानेवारी ते मार्च मूल्यांकन आणि मुलाखती. एप्रिल-मे मध्ये छोट्या संस्था आणि एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, जागा. सुरुवात बहुधा सप्टेंबरला. पुरेसे अर्ज आले की अंतिम तारखेआधीच जाहिरात बंद होते, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

विद्यापीठाचा यूकॅस अर्ज सोडायची गरज नाही. त्यातले पाच पर्याय आणि अप्रेंटिसशिपचे अर्ज एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही भरा. शाळेतले शिक्षक यूकॅसकडेच लक्ष देतात, अप्रेंटिसशिपचं वेळापत्रक स्वतःच सांभाळावं लागतं.

अर्जात काय लिहायचं

या क्षेत्रात माणूस निवडताना तीन गोष्टी पाहतात: नोंदी ठेवण्याची शिस्त, माणसांशी बोलण्याची रीत आणि चूक झाली तर ती सांगण्याची तयारी. यांचा पुरावा शाळेबाहेरून दिला तर जास्त पटतो. फार्मसीच्या दुकानात शनिवारी काम केलं असेल तर ‘ग्राहकसेवा केली’ असं लिहू नका. फ्रीजचं तापमान दिवसातून किती वेळा नोंदवायचात, २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं तर कुणाला कळवायचात, ते लिहा. ट्रायलच्या औषधांचं काम अगदी तेच आहे. मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशेब ठेवला असेल, पावत्या आणि रोकड जुळवली असेल, तर तेही इथे थेट उपयोगी आहे. लाजू नका, लिहा.

तयारीसाठी खर्च नको. अमेरिकेतल्या निडा या संस्थेच्या क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्कचा जीसीपी कोर्स ऑनलाइन आणि मोफत आहे. तो करून प्रमाणपत्र जोडा. मात्र ‘मी जीसीपी प्रशिक्षित आहे’ अशी फुशारकी नको, नोकरी लागल्यावर पुन्हा प्रशिक्षण होणारच आहे. मग ब्रिटनच्या आयएसआरसीटीएन या चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदणी यादीवर जाऊन तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात चालू असलेली एक चाचणी निवडा आणि ती नीट वाचा: कोणाला घेतात, कोणाला वगळतात, मुख्य निष्कर्ष कशावर मोजणार. अर्जात त्याबद्दल तीन वाक्यं. बस.

भाषा येतात हेही लिहा. चाचण्यांमध्ये दक्षिण आशियाई रुग्ण कमी येतात ही इथली जुनी तक्रार आहे, आणि मराठी, हिंदी, गुजराती कळणारा माणूस टीमला हवा असतो. पण मुलाखतीत ‘मी रुग्णाला संमतिपत्र भाषांतर करून सांगेन’ असं बोलू नका. संमतीच्या वेळी प्रशिक्षित दुभाषा लागतो. नातेवाईक किंवा चार शब्द येणारा कर्मचारी तिथे चालत नाही.

मूल्यांकन आणि मुलाखत

आधी ऑनलाइन चाचणी, मग रेकॉर्ड केलेली व्हिडिओ मुलाखत, मग अर्ध्या दिवसाचं मूल्यांकन केंद्र, असा क्रम पुष्कळ ठिकाणी असतो. गटात एखादी समस्या देतात. तिथे सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो हा गैरसमज आहे. वेळेकडे लक्ष ठेवणारा आणि ठरलेलं लिहून घेणारा उमेदवार या कामासाठी जास्त भावतो.

डेटाचं एक पान देऊन ‘काय खटकतं?’ असं विचारतात. जन्मतारीख भेटीच्या तारखेनंतरची, वजन एका महिन्यात ७२ वरून २७ किलो, संमतीच्या सहीआधीच काढलेलं रक्त. शेवटचं सगळ्यात गंभीर, कारण संमतीशिवाय ट्रायलची कुठलीही प्रक्रिया सुरू होत नाही. वजनाच्या बाबतीत ‘मी ७२ करून टाकेन’ हे उत्तर चुकीचं. अंदाजाने काहीही बदलायचं नसतं, नोंद करणाऱ्याला विचारायचं असतं.

नॉर्थविक पार्कची घटना वाचून जा. १३ मार्च २००६ ला लंडनच्या हॅरो भागातल्या या हॉस्पिटलच्या आवारात टीजीएन१४१२ हे औषध पहिल्यांदाच माणसांना दिलं गेलं. आठ निरोगी स्वयंसेवकांपैकी दोघांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला डोस, होता. उरलेल्या सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सगळे वाचले, पण काहींना कायमची इजा झाली. डोस एकापाठोपाठ एक, काही मिनिटांच्या अंतराने दिले होते. पहिल्याची प्रतिक्रिया दिसायच्या आत पुढचे टोचून झाले होते. त्यानंतर पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांत माणसांमध्ये वेळेचं अंतर ठेवणं रूढ झालं. ‘नियम इतके कडक का?’ या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. दुसऱ्या बाजूचं उदाहरण रिकव्हरी चाचणीचं. ऑक्सफर्डमधून मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या चाचणीने जूनमध्येच दाखवलं की स्वस्त डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. साधे फॉर्म आणि नेहमीच्या हॉस्पिटलांतलेच कर्मचारी, यांवर ते जमलं.

सही करण्याआधी

पगाराची कायदेशीर किमान पातळी माहीत हवी. एप्रिल २०२६ पासून अप्रेंटिसचा किमान दर तासाला ८ पौंड. ३७.५ तासांच्या आठवड्याने वर्षाला १५,६०० होतात. हा दर १९ वर्षांखालच्यांना किंवा पहिल्या वर्षापुरता; वय १९ पूर्ण आणि पहिलं वर्ष संपलं की वयानुसारचा नेहमीचा किमान दर लागतो, १८ ते २० साठी १०.८५ आणि २१ पासून १२.७१. या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्या बहुधा किमानपेक्षा जास्त देतात, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची वाढ लेखी मागा. सुट्ट्या बँक हॉलिडे धरून वर्षाला किमान २८ दिवस. आईवडिलांसाठी: मुलगा किंवा मुलगी पगारी अप्रेंटिसशिपला लागली की चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता) बंद होतो, ते कळवायचं राहू देऊ नका.

विचारायचेच असे प्रश्न: विद्यापीठाचा दिवस दर आठवड्याला असतो की सलग काही आठवड्यांचे गट? तिथे जायचा प्रवासखर्च कोण देतं? पदवीचं नेमकं नाव काय? किती विभागांत फिरवता? आधीच्या तुकडीतले किती जण टिकले आणि पदवीनंतर नोकरी पक्की आहे की जागा असेल तर? शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तरी ते लिहून ठेवा.

कामावरून कमी केलं गेलं तर काय, हेही विद्यापीठाला विचारा. अशा वेळी दुसरी नोकरी शोधायला १२ आठवडे शिक्षण चालू ठेवण्याची तरतूद असते. स्वतःहून नोकरी सोडली तर मात्र पदवीही थांबते.

पहिलं वर्ष: कुठे घसरतं

नोंदींचे नियम कागदावर सोपे दिसतात. नोंद कोणी केली ते कळायला हवं, वाचता यायला हवी, त्याच वेळी केलेली हवी, मूळ हवी, अचूक हवी. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून याला ‘अल्कोआ’ म्हणतात. कागदावर चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचं मूळ दिसलं पाहिजे, बाजूला दुरुस्ती, आद्याक्षरं आणि आजची तारीख. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, आणि काल करायची राहिलेली सही आज कालच्या तारखेने तर कधीच नाही. मागची तारीख टाकणं म्हणजे नोंद बनावट करणं, आणि त्यावरून नोकरी जाते. उशीर झाला तर उशीर झाला असंच लिहायचं.

दुसरी घसरण आवृत्त्यांची. संमतिपत्राची नवी आवृत्ती मंजूर होते, हॉस्पिटलच्या कपाटात जुन्या छापील प्रती तशाच राहतात, आणि पुढच्या तीन रुग्णांच्या सह्या जुन्यावर होतात. उपाय सोपा आहे: नवी आली त्याच दिवशी जुन्या कोऱ्या प्रती बाहेर काढायच्या आणि काढल्याची नोंद करायची. तसंच डेलिगेशन लॉगचं. ज्याचं नाव, काम आणि सही त्या यादीत नाही त्याने ते काम करायचं नाही, मग तो कितीही अनुभवी असो. तुम्हाला कुणी घाईत ‘एवढं रक्तदाब मोजून लिही’ म्हणालं आणि तुमचं नाव यादीत नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा.

शिक्षणाच्या बाजूला अडचण वेगळी. कामाचा दबाव वाढला की मॅनेजर विद्यापीठाचा दिवस हळूच खायला लागतो: आज एक मीटिंग, पुढच्या वेळी दोन. तो वेळ नियमाने तुमचा आहे आणि त्याचा हिशेब ठेवावा लागतो. तास त्याच आठवड्यात नोंदवा. साधारण दर १२ आठवड्यांनी तुम्ही, मॅनेजर आणि विद्यापीठ अशी तिघांची आढावा बैठक होते. तिथे बोललं तर ती तक्रार ठरत नाही, तिथलंच ते काम आहे. पुराव्यांचा पोर्टफोलिओ शेवटच्या वर्षावर ढकलणारे बरेच असतात आणि मग अडीच वर्षांपूर्वी नेमकं काय केलं ते आठवत बसतात. महिन्याला दोन नोंदी पुरतात. त्यांत रुग्णाचं नाव, हॉस्पिटल क्रमांक किंवा गोपनीय प्रोटोकॉलचा मजकूर येऊ देऊ नका. विद्यापीठाचा निबंध हा कंपनीच्या दृष्टीने बाहेरचा कागद आहे.

पदवीनंतर

सीटीए ते सीआरए हा नेहमीचा जिना. सीआरएच्या फिरतीच्या जागांना पूर्ण ड्रायव्हिंग लायसन्स मागतात, तेव्हा सतराव्या वर्षी शिकायला सुरुवात केलेली बरी. फिरती नको असेल तर डेटा मॅनेजमेंट, औषध सुरक्षितता किंवा चाचणी सुरू करून देणारा स्टार्टअप विभाग. एनएचएसमध्ये जायचं तर क्लिनिकल रिसर्च प्रॅक्टिशनर हा आता मान्यताप्राप्त नोंदणी असलेला पेशा आहे. एनएचएसच्या पगारश्रेणीत बँड ५ ची सुरुवात २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंड.

महाराष्ट्रात असाल तर

इंग्लंडची ही योजना तुमच्यासाठी नाही, पण कामाचा गाभा तोच आहे. भारतात चाचण्या २०१९ च्या नव्या औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली चालतात आणि जून २००९ पासून सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय यादीत नोंदणी सक्तीची आहे. ती यादी सर्वांना खुली आहे: मुंबई, पुणे, नागपुरातली कुठली हॉस्पिटलं सध्या चाचण्या करतायत ते तिथेच दिसतं. बीएससी, बीफार्म किंवा नर्सिंग करताना त्या हॉस्पिटलांच्या संशोधन विभागाकडे स्टडी कोऑर्डिनेटरच्या हाताखाली काम मागा. यूजीसीने पदवीतच अप्रेंटिसशिप गुंफायची मुभा दिली आहे, तेव्हा कॉलेजला तेही विचारून पाहा. सहा महिन्यांचे ‘क्लिनिकल रिसर्च’ डिप्लोमे विकणाऱ्या संस्थांना पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: प्रत्यक्ष चाचणी चालू असलेल्या हॉस्पिटलात किती तास, आणि कोणत्या हॉस्पिटलात? उत्तर फक्त ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं आलं, तर निडाचा मोफत कोर्स करा आणि फीचे पैसे वाचवा.